जड, दुष्फेन, काठिण्य : अर्धापूरच्या पाण्याची तीन नावं

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला 'दुष्फेन' शब्द आठवतो का? फेन म्हणजे फेस. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन. अर्धापूरकडच्या एखाद्या आजीला विचाराल तर ती म्हणेल, "पाणी जड हाय, डाळ शिजना." (रसायनशास्त्रवाल्यांनी हसू नका. ड्यूटेरियमचं जड पाणी आपल्या पुस्तकात, तिच्या चुलीवर नाही.) आणि प्रयोगशाळेच्या अहवालात असतं 'एकूण काठिण्य'. या तीन नावांमागे पाणी तपासायच्या तीन वेगळ्या रीती आहेत. पाण्याच्या गुणवत्तेवर काम करायचं ठरवत असाल तर हा इतिहास बाटल्या धुण्याआधीच माहीत करून घ्या. कारण "पूर्वी पाणी चांगलं होतं, आता बिघडलं" हे वाक्य प्रस्तावनेत लिहायचा मोह जवळपास प्रत्येकाला होतो.

आजीची चाचणी खोटी नाही. डाळीच्या पेशीभित्तिकांमध्ये पेक्टिन असतं. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याला धरून ठेवतं आणि दाणा मऊ होत नाही. म्हणूनच चिमूटभर सोडा टाकायची पद्धत पडली. फक्त या चाचणीला आकडा नाही. तूर जुनी असली तरी ती शिजत नाही, तेव्हा दोष पाण्याचा की दाण्याचा हे कळत नाही.

आकडा आला तो साबणातून. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याची निवळी वापरून पाणी मृदू करण्याचं पेटंट घेतलं. टिकणारा फेस येईपर्यंत किती साबणद्रावण लागतं यावरून काठिण्य मोजायची रीतही त्यांचीच. त्यांच्या नावाचा अंश म्हणजे एका गॅलनमध्ये एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट, आजच्या भाषेत सुमारे १४.३ मिलिग्रॅम प्रति लिटर. पुढे १९४० च्या दशकात झुरिचच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी ईडीटीएचं अनुमापन आणलं. पीएच १० चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी आणि मद्यासारख्या लालवरून निळ्यावर जाणारा रंग. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला तुम्ही केलं असेल तेच. तरीही निकाल आपण आजही 'कॅल्शियम कार्बोनेट म्हणून' लिहितो, पाण्यात मॅग्नेशियम असलं तरी. क्लार्कचा हिशोब अजून आपल्या वहीत आहे.

मर्यादासुद्धा स्थिर नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकात १९९१ साली काठिण्याची इष्ट मर्यादा ३०० होती, २०१२ च्या आवृत्तीत स्वीकार्य मर्यादा २०० झाली. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं, ते दोन्हींत सारखंच. म्हणजे २५० चा नमुना २०११ च्या प्रबंधात 'योग्य' आणि २०१३ च्या प्रबंधात 'मर्यादेबाहेर'. पाणी तेच! जुना तक्ता उचलून शेजारी नवा ठेवताना निष्कर्षाचा स्तंभ घेऊ नका, मूळ आकडे घ्या.

आता खरी अडचण. पाणी कुठून येतं, हेच दोन पिढ्यांत बदललं. मराठवाड्यात आड, विहिरी, बारवा होत्या. १९७२ च्या दुष्काळानंतर बेसाल्ट फोडणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली आणि हापसे आले. पुढे देशभर गेलेल्या 'इंडिया मार्क दोन' हापशाची मुळं सोलापूर आणि जालना इथल्या मिशनच्या पंपांत आहेत, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन या खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतं. खोल भेगांत पाणी जास्त काळ मुरतं, म्हणून साधारणपणे ते वरच्या पाण्यापेक्षा जास्त खनिजं घेऊन येतं. मग पाणी बिघडलं म्हणायचं का? पायऱ्यांच्या बारवेत उतरून भरलेल्या त्याच 'हलक्या' पाण्यातून नारू व्हायचा. पायातून हातभर लांब कृमी बाहेर यायचा. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. या यशात हापशाचा मोठा वाटा आहे. काठिण्यासाठी तर जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणाने मर्यादाच ठरवलेली नाही. माझ्या मते, न शिजणारी डाळ ही त्या सुटकेची फार महाग किंमत नव्हती. फ्लोराइडची गोष्ट मात्र वेगळी, तिथे १.५ च्या वर सवलत नाही.

अर्धापूरला गुंता आणखी वाढतो. इसापूर धरणाचं पाणी कालव्याने केळीच्या बागांना येतं आणि झिरपून विहिरींतही उतरतं. म्हणजे विहिरीतलं सगळं पाणी तिथल्या पावसाचं नाही. नांदेडच्या बाजूने प्लॉटिंग वाढलंय, घरागणिक बोअर आहे. घरोघरी जार टाकणारे टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात, पण तो मीटर विद्युतवाहकता मोजतो, काठिण्य नाही. सॉफ्टनरमधून पाणी गेलं तर काठिण्य जवळपास संपतं, मीटरचा आकडा मात्र फारसा हलत नाही, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

म्हणून नमुन्याच्या वहीत 'नळाचं पाणी' एवढंच लिहू नका. नळामागे विहीर आहे की बोअर, बोअर किती फूट, कोणत्या साली घेतलं, कालवा किती अंतरावर, त्या आठवड्यात आवर्तन चालू होतं का, टाकीत दोन पाणी मिसळतात का, हे घरातल्या माणसांना विचारा. आणि बंबाच्या आतला पांढरा थर बघायला मागा. वर्षानुवर्षं उकळलेल्या पाण्याची नोंद त्याच्यात असते.