अहिराणीवरचा आळ

जळगाव-धुळ्याकडच्या पालकसभांत एक मत हमखास ऐकू येतं: पोरांचं इंग्रजी कच्चं राहतं ते घरातल्या अहिराणीमुळे. आधी अहिराणी सोडवा म्हणजे मराठी शुद्ध होईल, मराठी शुद्ध झाली की इंग्रजी येईल. आणि तेवढा धीर नसेल तर बालवाडीपासूनच इंग्रजी माध्यमात घाला. मग आजी नातवाला 'काय करी राहिना रे भाऊ?' म्हणाली की सून हळूच बजावते, 'त्याच्याशी मराठीत बोला ना, आई.'

हे मत धरणारे मूर्ख नाहीत. पोराला उद्या पुण्यात नोकरी शोधायची आहे, मुलाखतीत अडखळला की संपलं, आणि कॉलेजात 'माले-तुले' तोंडून निसटलं की वर्ग हसतो, हे त्यांनी पाहिलेलं असतं. इंग्रजीची ओढ खरी आहे आणि रास्तही. बोलीचा अभिमान बाळगा, असं त्यांना व्यासपीठावरून ऐकवणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जातात, हेही त्यांना ठाऊक असतं. तेव्हा माझा वाद ओढीशी नाही, निदानाशी आहे.

अहिराणी मुलाचे कोणते उच्चार शाळेत सर्वांत जास्त टोकले जातात? 'शाळे'ची 'शाया' होते, 'डोळ्या'चा 'डोया', 'पाण्या'चं 'पानी'. म्हणजे आक्षेप मुख्यतः ळ आणि ण यांचा. आता हे दोन्ही ध्वनी इंग्रजीत नाहीतच. इंग्रजीला ज्यांची गरज नाही ते ध्वनी मुलाच्या तोंडी नसले, म्हणून त्याचं इंग्रजी बिघडायचं कसं? जिथे खरोखर अडतं, म्हणजे व्ही आणि डब्ल्यूमधला फरक किंवा शब्दात आघात कुठे द्यायचा, तिथे सदाशिव पेठेतलं मूलही तसंच अडतं. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य धरणगावात ऐकू येतं तसं डोंबिवलीत येतं आणि लखनौतही. 'द' कुठे लावायचा, हे अहिराणीला माहीत नाही तसं प्रमाण मराठीलाही नाही. या चुकांचं खापर एकट्या अहिराणीवर फोडायचं कारण काय?

कारण भाषेत नाही, प्रतिष्ठेत आहे. अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हे आपण धरूनच चालतो. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला. अहिराणी जिच्यात येते ती खान्देशी मात्र त्यात न घालता नवव्या खंडात भिल्ली भाषांसोबत ठेवली. त्याची वर्गवारी पटो न पटो, जनगणनाही आजवर 'खान्देशी' वेगळी मोजते, आणि 2011मध्ये ती अठरा लाखांहून अधिक लोकांनी आपली भाषा म्हणून नोंदवली. जिला स्वतःचं व्याकरण आहे ती भाषा दुसरीची चूक कशी ठरेल? गंमत अशी, की ज्या कवयित्री बहिणाबाईंचं नाव आपण अभिमानाने जळगावच्या विद्यापीठाला दिलं, त्यांची बोली लेवा वळणाची, अहिराणीची शेजारीण. आज त्या आपल्या जन्मगावी, आसोद्याच्या शाळेत पहिलीत बसल्या असत्या, तर त्यांच्या वहीवर किती लाल रेघा आल्या असत्या!

राहिला उपाय: लवकर सुरुवात, भरपूर इंग्रजी, आणि बाकीच्या भाषा बाहेर. हा काही खान्देशचा शोध नव्हे. युगांडातल्या मकेरेरे इथे 1961मध्ये इंग्रजी शिकवण्यावर परिषद भरली होती. तिथून निघालेली सूत्रं जवळजवळ हीच. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992मध्ये त्यांना एकेक करून भ्रम ठरवलं. पण युगांडा कशाला, आपलंच पाहा. जून 2000पासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आलं. लवकर सुरुवात हेच औषध असतं, तर पाव शतकात गुण दिसायला हवा होता, आणि ही तक्रार आज उरली नसती. शालेय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 'असर'च्या 2022च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चौघांपैकी एकालाच साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. त्यातल्या बहुतेक मुलांच्या कानावर अहिराणीचा शब्दही कधी पडलेला नाही.

तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाचं तर काय सांगावं! पाटीवर इंग्लिश मीडियम, समजावणं मराठीत, उत्तरं फळ्यावरून उतरवून पाठ. मूल न अडखळता उत्तर म्हणून दाखवतं आणि त्याचा अर्थ विचारला की गप्प होतं. त्यातही जी मुलं पुढे जातात, त्यांच्या घरी पुस्तकं आणि शिकलेले आईबाप असतात. श्रेय मात्र माध्यमाला मिळतं.

घरच्या बोलीवरच्या अशा आळाचा खटला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर इथे प्रत्यक्ष चालला. कृष्णवर्णीय मुलं वाचनात मागे का, असा प्रश्न होता. 1979मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की अडथळा मुलांच्या घरच्या बोलीत नाही. शिक्षक ती विचारातच घेत नाहीत, यात आहे. शाळामंडळाला शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योजना आखावी लागली. तिथली बोली इंग्रजीचीच होती, इथली नाही, हा फरक मला मान्य आहे. पण त्यामुळे आपली गरज वाढते, कमी होत नाही. शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यावरचं मूल घरी पावरी बोलतं, बाजारात अहिराणी, मोबाइलवर हिंदी ऐकतं, पुस्तकात मराठी वाचतं आणि मग इंग्रजीला भिडतं. शाळेच्या कागदावर त्याची प्रथम भाषा मराठी! 2020च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हटलं, तर आपण त्या रकान्यातही मराठीच लिहून मोकळे झालो.

अहिराणी वर्गात घेऊन होणार काय, असं कुणी विचारेल. एकच उदाहरण देतो. 'ही गो' ही सार्वत्रिक चूक घ्या. अहिराणीत 'मी जास, तू जास, तो जास', एकवचनात तिघांना एकच रूप. मुलगा म्हणो की मुलगी, 'मी जास'च. मराठीसारखं जातो-जाते नाही. म्हणजे 'आय गो' हे मुलाला ओळखीचं वाटतं आणि 'ही गोज' मात्र परकं. फळ्यावर दोन्ही रांगा शेजारी मांडल्या, तर फरक कुठे पडतो हे मुलं स्वतः दाखवतील. 'शुद्ध बोल' म्हणून गप्प केलेलं मूल काहीच दाखवणार नाही. जे मूल तोंडच उघडत नाही त्याला कुठलीच भाषा येत नाही, इंग्रजी तर नाहीच.

शिक्षक कोकणातून किंवा कोल्हापुराहून आलेले असतात, त्यांना अहिराणी कुठून येणार, ही अडचण खरी आहे. ती सोडवायला विद्यापीठाने आणि जिल्ह्यांच्या शिक्षण-प्रशिक्षण संस्थांनी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षकांसाठी अहिराणी, पावरी, मराठी आणि इंग्रजी यांची रूपं शेजारी मांडणारी लहानशी पुस्तिका करावी. हे काम वर्षभरात होण्यासारखं आहे. आणि शिक्षकांनी तिची वाट पाहू नये. पुढच्या तासाला एक इंग्रजी वाक्य घ्यावं आणि ते घरी कसं म्हणतात, एवढं मुलांना विचारावं.