किंमत नसलेली शक्ती : एका खेळातील जादूच्या समतोलाचा इतिहास

१/ इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. परंतु नियमांनाही इतिहास असतो. नियम कोणी केले, ते कोठे वाकले, कोणी दुरुस्त केले आणि दुरुस्तीचा अधिकार पुढे कोणाकडे गेला, हे पाहणेही तितकेच उद्बोधक ठरते. आजचा धागा अशाच एका नियमसंग्रहाचा आहे : १९९९ साली आलेल्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' या संगणकीय खेळातील जादूचा आणि जादुई वस्तूंचा.

२/ ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. खेळाडूकडे नगरे, सैन्य आणि सैन्याचे नेतृत्व करणारे नायक असतात. नायक रोज ठरावीक अंतर चालतो, खाणी ताब्यात घेतो, जादुई वस्तू गोळा करतो. शत्रूशी गाठ पडली की षट्कोनी घरांच्या पटावर आळीपाळीने लढाई होते. नायक स्वतः तलवार चालवीत नाही. तो मंत्र टाकतो. एका फेरीत एकच मंत्र.

३/ अशा खेळात समतोल म्हणजे काय? सर्व मंत्र सारखेच प्रबळ असणे, हे उत्तर सुचते खरे, पण ते टिकत नाही. या खेळाच्या पाव शतकाच्या वाटचालीतून वेगळेच सूत्र हाती लागते : शक्ती कितीही मोठी असली तरी तिची किंमत तेवढीच मोठी असेल तर खेळ टिकतो. किंमत नाहीशी झाली की पारडे झुकते. पुढील सारा इतिहास हा किंमत काढण्याचा आणि पुन्हा बसविण्याचा आहे.

४/ आरंभ १९९५ सालापासून. जॉन व्हॅन कॅनेघम यांच्या 'न्यू वर्ल्ड कम्प्युटिंग' या अमेरिकी संस्थेने मालिकेतील पहिला खेळ काढला. त्यात नायकाचे ज्ञान जेवढे, तेवढ्या वेळा प्रत्येक मंत्र वापरता येई. मंत्र संपले की नगरातील मंत्रशाळेत परतावे लागे. म्हणजे जादूची किंमत पायांनी मोजली जाई. दूर गेलेला मांत्रिक हळूहळू निःशस्त्र होत असे.

५/ १९९६ च्या दुसऱ्या खेळात ही पद्धत बदलली. मंत्रशक्तीचा एक सामाईक साठा आला : ज्ञानाच्या दहापट गुण. प्रत्येक मंत्राला त्यातून स्वतंत्र खर्च. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका शत्रुतुकडीला मंद करणारा 'स्लो' आणि सर्व तुकड्यांना मंद करणारा 'मास स्लो' हे येथे दोन वेगळे मंत्र होते. दुसरा वरच्या पातळीचा, म्हणून दुर्मीळ आणि महाग.

६/ १९९९ च्या तिसऱ्या खेळात मंत्रांची विभागणी चार शाखांत झाली : पृथ्वी, आप, तेज, वायू. पंचमहाभूतांपैकी आकाश तेवढे वगळलेले! मंत्रांच्या पाच पातळ्या होत्या आणि प्रत्येक शाखेतील प्रावीण्याच्या तीन पायऱ्या. शाखा शिकलेल्या नायकाला त्या शाखेचे मंत्र स्वस्त पडत आणि प्रावीण्य वाढेल तसे ते अधिक परिणामकारक होत. रचना देखणी होती. अडचण तिच्या पोटात दडलेली होती.

७/ 'मास स्लो' हा वेगळा मंत्र रद्द झाला. पृथ्वीशाखेत तिसरी पायरी गाठली की पहिल्या पातळीचा साधा 'स्लो'च सर्व शत्रुतुकड्यांचा वेग निम्मा करू लागला. खर्च किती? अवघे ५ गुण. पाचव्या पातळीच्या 'इम्प्लोजन'ला याच पायरीवर २५ गुण लागतात. मंत्रबल १० असता तो १०५० इतकी हानी करतो, म्हणजे २५० प्राणगुणांचे चार महादेवदूत मारतो. एवढी शक्ती, पण एका तुकडीपुरतीच.

८/ आता हिशेब करा. ज्ञान केवळ ३ असलेल्या योद्ध्याकडे ३० गुणांचा साठा असतो. त्यात इम्प्लोजन एकदा बसतो, स्लो सहा वेळा. शिवाय इम्प्लोजनसाठी पाचव्या पातळीची मंत्रशाळा बांधावी लागते, स्लोसाठी पहिलीच पुरते. नामवंत मंत्रांपेक्षा हा पोरसवदा मंत्र अधिक लढाया जिंकू लागला. पृथ्वीशाखा सर्वांत मोलाची, असे खेळाडूंचे मत झाले ते यामुळे. आणि आणखी एका मंत्रामुळे.

९/ तो मंत्र समजण्यासाठी या खेळातील खरे चलन ओळखावे लागते. सोने, लाकूड, धातू ही चलने दिसतात. न दिसणारे चलन म्हणजे अंतर. मोकळ्या जमिनीवर नायक दिवसाला साधारण १५ ते २० घरे चालतो. सात दिवसांचा आठवडा, आणि नव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी नगरांत नवे सैन्य. शत्रूवर चालून गेलात तर मागे आपले नगर उघडे पडते. चढाईची किंमत ती हीच.

१०/ चौथ्या पातळीच्या 'टाउन पोर्टल'ने ही किंमत पुसून टाकली. पृथ्वीशाखेची दुसरी पायरी गाठलेला नायक आपल्या हव्या त्या नगरात क्षणात पोचतो. मंत्रशाळा असलेल्या नगरात रात्र काढली की मंत्रसाठा पुन्हा भरतो. शत्रूच्या सीमेवरून परतणे, नवे सैन्य घेणे, राजधानी वाचविणे, हे सारे एकाच नायकाला जमू लागले. माणूस न मारणारा हा मंत्र सेनापतीची सर्वांत मोठी चिंता मारतो.

११/ पाचव्या पातळीचे 'डायमेन्शन डोअर' आणि 'फ्लाय' हे वायुशाखेचे मंत्र त्याही पुढे गेले. पहिला डोंगर-भिंती ओलांडून उडी मारू देतो, दुसरा त्यांवरून उडू देतो. नकाशाकाराने खिंडी रचाव्यात, त्यांवर राक्षसांचे पहारे बसवावेत आणि मांत्रिकाने ते सारे टाळून पलीकडे उतरावे! 'एंजल विंग्ज' ही वस्तू तर अंगावर चढविली की हे उड्डाण मंत्राविनाच मिळते.

१२/ आता जादुई वस्तूंकडे वळू. काही वस्तूंत किंमत उत्तम बसविलेली होती. 'ऑर्ब ऑफ इनहिबिशन' हा गोळा ज्याच्याकडे, त्याच्या लढाईत मंत्रच चालत नाहीत; शत्रूचे नाहीत आणि स्वतःचेही नाहीत. बलाढ्य सैन्याच्या योद्ध्याला तो वरदान, मांत्रिकाला बेडी. वस्तू प्रभावी आहे, पण वापरणाऱ्याला पदरमोड करावी लागते.

१३/ 'आर्मागेडन' या मंत्राचेही तसेच होते. रणांगणावरील साऱ्यांवर तो आग पाडतो, आपपर भाव न ठेवता. यातून खेळाडूंनी वाट काढली ती जादूचा स्पर्श न होणारे काळे ड्रॅगन सोबत नेण्याची. परंतु असे ड्रॅगन महाग, संख्येने थोडे, आणि त्यांच्यासाठी इतर सैन्य घरी ठेवावे लागे. क्लृप्ती जबरदस्त, तरी तिची किंमत शिल्लक होती.

१४/ १९९९ मध्येच 'आर्मागेडन्स ब्लेड' ही विस्तार-आवृत्ती आली. तिच्या नावाची तलवार धारण करणाऱ्याला आर्मागेडन सर्वोच्च प्रावीण्याने टाकता येतो आणि त्याचे स्वतःचे संपूर्ण सैन्य त्या आगीतून सुरक्षित राहते. कथेच्या दृष्टीने तलवार शोभून दिसते. नियमांच्या दृष्टीने, मंत्रातील एकमेव अडसर तिने उचलून बाजूला ठेवला.

१५/ याच आवृत्तीत 'फोर्ज' नावाचे यंत्रयुगीन नगर यायचे होते. चाहत्यांनी कडाडून विरोध केला आणि त्याऐवजी महाभूतांच्या प्राण्यांचे 'कॉन्फ्लक्स' आले. त्यातील विद्यापीठात जादूच्या शाखा प्रत्येकी २००० सुवर्णमुद्रांना विकत मिळतात. इतर नगरांतील नायकांना त्या मिळतील की नाही हे नशिबावर असे. त्यात सातव्या पातळीच्या फिनिक्सची आठवड्याची पैदास २, इतर नगरांच्या सर्वोच्च प्राण्यांची १. पुढे अनेक स्पर्धांनी हे नगरच वगळले.

१६/ २००० सालच्या 'शॅडो ऑफ डेथ'ने १२ संयुक्त वस्तू आणल्या. सुट्या वस्तू जमवून एक महावस्तू घडवायची. 'एंजेलिक अलायन्स'चे सहा भाग मिळून चारही मूळ गुणांत प्रत्येकी २१ ची भर घालतात. पण सहाच्या सहा शोधावे लागतात, आणि तलवार, ढाल, शिरस्त्राण, चिलखत, कंठा, पादत्राणे या सर्व जागा त्या एकाच वस्तूने अडतात. येथे किंमत परत आलेली दिसते.

१७/ तरीही नियम घट्ट झाले नाहीत. 'क्लोक ऑफ द अनडेड किंग'चे भाग तीनच. ते जमले की प्रेतविद्येत निष्णात नायक मेलेल्या शत्रूंतून सांगाड्यांऐवजी थेट लिच उभे करतो. प्रत्येक विजयातून सैन्य कमी होण्याऐवजी वाढत जाते. ज्या खेळात लढाईची किंमत जीवहानी आहे, तेथे जीवहानीच उत्पन्नाचे साधन झाली.

१८/ निर्मात्यांना हे दिसत होते, याचा पुरावा नकाशा घडविण्याच्या साधनात सापडतो. मूळ खेळात नकाशाकाराला काही नायक वर्ज्य करता येत. पहिल्या विस्तारात वस्तू वर्ज्य करण्याची सोय आली. दुसऱ्या विस्तारात मंत्र आणि कौशल्येही वर्ज्य करता येऊ लागली. सर्वत्र लागू होईल असा एक निवाडा देण्याऐवजी त्यांनी निवाड्याचा अधिकारच स्थानिकांकडे सोपविला. या इतिहासातील ही सर्वांत दूरगामी दुरुस्ती.

१९/ कारण लवकरच निर्माते उरले नाहीत. मालक कंपनी 'थ्रीडीओ' २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मालिकेचे हक्क फ्रान्सच्या 'युबिसॉफ्ट'ने १३ लाख डॉलरना घेतले. २०१५ मध्ये तिने जुन्या खेळाची नवी चकचकीत आवृत्ती काढली, तीही दोन्ही विस्तारांविना. त्यांचा सोर्स कोड हरवला होता. कायदा उरला होता, कायदेमंडळ नव्हते.

२०/ ती जागा खेळाडूंनी भरली. आधी परस्परसंमतीने : स्पर्धेत डायमेन्शन डोअर नको, अमुक नायक नको. मग २०११ च्या अखेरीस पूर्व युरोपातील चाहत्यांनी 'हॉर्न ऑफ द अबिस' ही विनामूल्य विस्तार-आवृत्ती प्रकाशित केली. २०२३ मध्येही तिच्यात नवे नगर दाखल झाले. मूळ निर्मात्यांनी खेळाला दिलेल्या वर्षांहून कितीतरी अधिक वर्षे चाहत्यांनी त्याचे नियम सांभाळले आहेत.

२१/ त्यांच्या दुरुस्तीचा एक नमुना पाहू. मूळ 'रेझिस्टन्स' कौशल्याने शत्रूचा मंत्र फसण्याची शक्यता ५, १० किंवा २० टक्के होती. निर्णायक क्षणी सामना फाशांवर जाई. ज्याचा मंत्र फसला तो हळहळे, आणि ज्याचा फसला नाही त्याच्या शत्रूचे कौशल्य वाया जाई. नव्या आवृत्तीने यादृच्छिक नकाशांत त्याऐवजी 'इंटरफिअरन्स' आणले. ते शत्रूचे मंत्रबल १०, २० किंवा ३० टक्क्यांनी निश्चितपणे घटविते. संरक्षण तेच, पण आधी हिशेब करता येण्याजोगे.

२२/ याहून सुंदर उपाय सामन्यांतील लिलावाचा. दोघांना मिळालेली नगरे वा नायक असमान असतील तर बंदी घालण्याऐवजी खेळाडू बोली लावतात : ही बाजू मला द्या, मी आरंभीचे इतके सोने सोडतो. कोणती बाजू किती सरस, हे कोणी समिती ठरवीत नाही. ज्याला ती हवी त्याच्या बोलीतून ते ठरते. निर्मात्यांच्या हातून निसटलेली किंमत खेळाडूंनी सामन्याआधीच मोजायला घेतली.

२३/ बंदी हा सोपा मार्ग आहे, पण ती घातली की त्या मंत्रासोबत त्याच्याभोवतीचे सारे डावपेचही जातात. टाउन पोर्टल नसलेल्या जगात त्याची भीतीही नसते. सर्व मंत्र सपाट केले तर भांडणे मिटतील, पण मग जादू कशाला म्हणायचे? या खेळाचे आयुष्य वाढले ते अजस्र शक्ती तशाच ठेवून त्यांचा मोबदला शोधत राहिल्यामुळे.

२४/ राज्यघटना असो वा खेळ, नियम वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा : येथे सर्वांत बलवान कोण, यापेक्षा त्या बळासाठी कोण काय मोजतो? आपण खेळता त्या खेळांतही हा प्रश्न लावून पाहा. एखादी शक्ती फुकट मिळताना दिसली, तर त्या नियमाची पुढची दुरुस्ती कोठे होणार, हे आपल्याला आधीच कळलेले असेल.