काच, काडी आणि रेषा : महाराष्ट्रातील अॅनिमेशनचा आरंभ

अॅनिमेशन म्हणजे निर्जीव चित्र किंवा वस्तू थोडीथोडी बदलत जाऊन, प्रत्येक अवस्थेची स्वतंत्र चौकट टिपून, ती पडद्यावर सजीव भासवण्याची कला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात तिला कथापटाची उत्तरकालीन शाखा मानले जाते. परंतु घटनांचा क्रम पाहिला, तर ही स्वप्नसृष्टी कथापटाच्या आधीच रूप घेऊ लागली होती आणि कथापटाच्या जन्मालाही तिनेच हातभार लावला, असे दिसून येते.

या परंपरेचे मूळ कल्याण येथे सापडते. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे, म्हणजे काचेवरील चित्र दिव्याच्या प्रकाशाने आणि भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर मोठे करून दाखवणाऱ्या यंत्राचे, प्रयोग सुरू केले. काचपट्ट्यांवर पात्रांच्या क्रमाक्रमाने बदलणाऱ्या मुद्रा हाताने रंगवलेल्या असत आणि एकाहून अधिक यंत्रांतून त्या झपाट्याने पालटल्या जात, त्यामुळे पुराणकथांतील देव आणि दैत्य निवेदनाच्या व गाण्याच्या साथीने हालचाल करीत असल्याचा भास प्रेक्षकांना होई. चित्रपटाचा कॅमेरा भारतात पोचण्यापूर्वीच मराठी प्रेक्षक अंधाऱ्या मांडवात बसून चित्रांची हालचाल पाहण्यास सरावला होता, ही गोष्ट पुढील घडामोडी समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

याच प्रेक्षकांपुढे पुढे कथापट आणणारे धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग या चारही विद्या आत्मसात केल्या होत्या. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम कथा चित्रित केली नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत, त्यांनी अंकुराची अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखवली. या लघुपटाच्या बळावरच त्यांना भांडवल मिळू शकले आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा कथापट प्रदर्शित झाला.

हेच तंत्र त्यांनी 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव वस्तूंना लावले. फ्रान्समध्ये एमिल कोल याने 1908 मध्येच काड्यांना पडद्यावर नाचवले होते. फाळके यांनीही काड्या किंचित सरकवून, एक चौकट टिपून, पुन्हा सरकवून, हा खेळ उभा केला. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण 16 चौकटी धरल्या, तर एका मिनिटासाठी 960 वेळा हा उद्योग करावा लागे, यावरून त्यामागील चिकाटीची कल्पना येते. हा लघुपट आज उपलब्ध नाही, ही भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील मोठी हानी होय.

बोलपटाने चौकटींचा वेग सेकंदाला 24 वर नेला, आणि रेखाटनांवर आधारलेल्या अॅनिमेशनचे श्रम आणखी वाढले. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 1934 मध्ये रघुनाथ केळकर यांच्याकडून ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट करवून घेतला, परंतु चित्रपटगृहांचे उत्पन्न मोठ्या कथापटांवर अवलंबून असल्यामुळे अशा लघुपटांना स्वतंत्र बाजारपेठ लाभली नाही. अशा लघुपटांना आधार अखेर शासनाने दिला. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या शासकीय चित्रपट विभागात डिस्ने संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी भारतीय चित्रकारांना प्रशिक्षण दिले, आणि जातककथेवरील ‘द बनियन डीअर’ (1957) या लघुपटात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची शैली चालत्या रेषेत उतरली. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक असल्याने, सामान्य प्रेक्षकालाही मुख्य खेळापूर्वी असे लघुपट पाहण्याची वाट खुली झाली.

कल्याणच्या काचपट्ट्यांपासून अजिंठ्याच्या हरणापर्यंतचा हा प्रवास एकाच कारागिरीचा आहे, आणि म्हणूनच महाराष्ट्रातील अॅनिमेशनला मुलांच्या करमणुकीचे प्रकरण म्हणून बाजूला न ठेवता चित्रपटाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण म्हणून लिहिणे न्याय्य ठरेल.