खिडकीपाशीं बसलेली मुलगी

इतिहासांत ज्यांनीं गलबला केला त्यांचीं नांवें उरतात. जे मुकाट्यानें जगले त्यांचा मागमूस राहत नाहीं. वेंगुर्ल्याच्या बंदरीं सतराव्या शतकांत डच आले. त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती आजही वाटसरूस दिसतात. परंतु त्याच काळीं याच गांवीं नांदलेल्या एखाद्या कुळवाडणीचें नांव कोणत्या बखरींत शोधावें? वैद्यकाच्या इतिहासासही हाच न्याय लागू पडतो, असें अवधानाच्या विकाराचा वृत्तांत चाळतांना आम्हांस वारंवार वाटलें.

ज्या मुलाचें चित्त एका ठायीं ठरत नाहीं, हातीं घेतलेलें काम ज्याच्याकडून तडीस जात नाहीं, ज्यास घटकाभरही स्वस्थ बसवत नाहीं, त्याच्या अवस्थेस आजचे डॉक्टर एडीएचडी म्हणतात. नांव नवें असलें तरी निरीक्षण जुनें आहे. क्राइटन या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालीं अवधानाच्या विकारांवर एक प्रकरणच लिहिलें. १८४५ सालीं फ्रँकफुर्टच्या हॉफमन नामक डॉक्टरानें मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील फिलिप जेवतांना चुळबुळ करून सारें मेजपोस खालीं ओढतो, आणि हान्स आभाळाकडे पाहत चालतां चालतां नदींत पडतो. एक चंचल, दुसरा स्वप्नाळू. पण दोघेही मुलगेच. पुढें १९०२ सालीं जॉर्ज स्टिल यानें लंडनच्या वैद्यांपुढें तीन व्याख्यानें देऊन अनावर मुलांचीं २० उदाहरणें मांडलीं. त्यांत १५ मुलगे होते, मुली अवघ्या ५. व्याधीचें चित्र रंगलें तें असें मुलग्यास समोर बसवून.

चित्र एकदां ठरलें कीं त्याशीं जुळेल तेंच डोळ्यांस दिसतें. अमेरिकन मानसवैद्यांच्या संघानें १९६८ सालीं या विकारास जें नांव दिलें, त्यांत भर होता तो अतिचांचल्यावर. धांवणारें, ओरडणारें, बांकांवर चढणारें मूल तेवढें आजारी. उगी बसून भलतीकडे हरवलेलें मूल त्या व्याख्येंत बसेना. १९८० सालीं प्रथमच अवधानाची उणीव हें मुख्य लक्षण मानून, चांचल्य असो वा नसो, विकार असूं शकतो असें मान्य झालें. १९८७ सालीं ही वांटणी मोडली गेली. १९९४ सालीं ती निराळ्या रूपानें परत आली. २०१३ सालीं लक्षणें दिसूं लागण्याची वयोमर्यादा ७ वरून १२ वर्षांवर नेण्यांत आली. ज्या मुलींची उणीव अभ्यासाचा भार वाढल्यावरच उघडी पडते, त्यांस यामुळें थोडें तरी दार मोकळें झालें.

आज असें मानतात कीं समाजांत या विकाराचीं मुलें मोजलीं तर दोन मुलग्यांमागें सुमारें एक मुलगी भरते. दवाखान्यांत मात्र मुलग्यांचें पारडें याहून जड असतें. प्रौढ वयांत स्त्री-पुरुषांतील अंतर आणखी कमी होतें. ह्याचें एक कारण उघड आहे. मुलग्याचा उपद्रव गुरुजींस होतो, म्हणून त्याची तक्रार घरीं येते. मुलीचा त्रास तिच्या मनांतच मुरतो, आणि पुढें चिंता किंवा खिन्नता या नांवांखालीं प्रकट होतो. सर्वच मुली शांत असतात किंवा सर्वच मुलगे दांडगे असतात असें मात्र नव्हे. भेद आहे तो प्रमाणाचा. पण हें मौन निरुपद्रवी नाहीं. कॅलिफोर्नियांत हिन्शॉ या मानसशास्त्रज्ञानें विकारग्रस्त १४० मुलींचा तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांच्यांत स्वतःस इजा करून घेण्याचें प्रमाण इतर मुलींहून बरेंच अधिक आढळलें.

आमच्या मराठी मनाचें वळणही निराळें नाहीं. खोड्या कराव्या त्या बाळकृष्णानें, आणि त्यांचें कौतुक करावें सर्व गोकुळानें. गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यास' नाटकांतील गोकुळाचा विसरभोळेपणा तर घरोघरीं लाडकी म्हण होऊन बसला. परंतु घरांतील सून दूध उतूं घालवी, किल्ल्या हरवी, तर तिच्यासाठीं भाषेंत कौतुकाचा शब्द नाहीं. 'वेंधळी', 'धांदरट', 'बावळट' एवढेंच तिच्या वांट्यास आलें. पुरुषाचें विस्मरण विनोद ठरलें, स्त्रीचें विस्मरण दुर्गुण ठरला.

या दोषापासून आम्हीही मुक्त नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत वेंगुर्ल्याकडची एक मुलगी खिडकीपाशीं बसे. उत्तर द्यावयास उठली तर मार्मिक बोले. पण निबंध कधीं वेळेवर दिला नाहीं, आणि एकदां तर परीक्षेची वेळच विसरली. "चेडवा, तुझां लक्ष खंय आसा?" असें तिची आई म्हणे, आम्हीं तें अधिक शुद्ध मराठींत म्हटलें, इतकाच फरक. तिच्या प्रगतिपत्रकावर 'बुद्धि आहे, पण आळशी' असा शेरा आमच्याच हातचा आहे. तिनें शिक्षण अर्ध्यावर सोडलें. अलीकडे ती भेटली ती मुलाला डॉक्टरांकडे नेऊन परततांना. मुलाची चौकशी करतां करतां डॉक्टरांनीं तिलाही तिच्या बाळपणाविषयीं प्रश्न विचारले होते. "सर, मी आळशी नव्हतें," ती एवढेंच म्हणाली. तिच्या स्वरांत राग नव्हता. म्हणूनच आम्हांस तो शब्द अधिक लागला.

प्रत्येक स्वप्नाळू मुलगी रोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं, आणि निदान करणें हें शिक्षकाचें वा पालकाचें काम नव्हे. तें जाणत्या वैद्याचें आहे. पण वैद्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं मूल कोणाच्या तरी दृष्टीस पडावें लागतें. जो मुलगा बांक वाजवितो त्याकडे आपण पाहतोंच. वाचकांनीं आज घरीं गेल्यावर, जी मुलगी कांहींच वाजवीत नाहीं, तिच्याकडेही एकदां पाहावें. आणि शेरा लिहिण्यापूर्वीं तिला विचारावें.