मेहरूणच्या गॅरेजपर्यंत आलेला करार

दरवर्षी १६ सप्टेंबरला शाळेत ओझोन दिन साजरा होतो. मुलं पृथ्वीवर छत्री धरलेलं चित्र काढतात, मी फळ्यावर उर्दूत आणि मराठीत दोन ओळी लिहितो. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, छिद्र तर अंटार्क्टिकावर पडलंय. आपल्या मेहरूणचा त्याच्याशी काय संबंध?" तेव्हा मला मामूंची जुनी मोटार आठवली.

गाडी १९९३ची. तिच्या एसीत आर-१२ नावाचा गॅस होता. या गॅसची गोष्ट १९२८च्या सुमारास अमेरिकेत सुरू होते. त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड असे, आणि गळती झाली तर माणसं दगावत. थॉमस मिजली या संशोधकाने विषारी नसलेला, पेट न घेणारा पर्याय शोधला. लोकांना तो वरदानच वाटला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी इशारा दिला, की हाच गॅस वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं.

१६ सप्टेंबर १९८७ला मॉन्ट्रियलमध्ये करार झाला. राष्ट्रांना एका मेजावर आणणारे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख होते मुस्तफा तोलबा, इजिप्तचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं. भारताने मात्र लगेच सही केली नाही. हा गॅस वर्षानुवर्षं वापरला श्रीमंत देशांनी, मग बदलाचा खर्च गरिबांनी का सोसायचा, हा आपला सवाल होता. १९९०च्या लंडन बैठकीत त्यासाठी निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. श्रीमंत देशांनी हे गॅस १९९६पासून बंद केले, आपल्याला २०१०पर्यंत मुदत मिळाली.

त्याच मुदतीत एका मे महिन्यात मामूंचा एसी थंड होईना. आर-१२ महाग झाला होता, सहज मिळतही नव्हता. एका मेकॅनिकने पाइप सैल केला, उरलेला गॅस फुस्स करून हवेत सोडला आणि नवा आर-१३४ए भरून दिला. आम्ही शेजारी उभे राहून पाहत होतो. थोड्याच दिवसांत कॉम्प्रेसर जाम झाला.

मग एका बुजुर्ग उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी समजावलं : आर-१२ सोबत खनिज तेल चालतं, नव्या गॅसमध्ये ते विरघळतच नाही. तेल फिरलं नाही की कॉम्प्रेसर कोरडा चालतो. म्हणून जुनं तेल काढून एस्टर तेल घालायचं, रबरी रिंगा आणि ड्रायर बदलायचे, व्हॅक्यूम ओढून हवा आणि ओल काढायची. नवा गॅस जुन्याच्या वजनाच्या ८० ते ९० टक्केच भरायचा, नाहीतर खानदेशच्या ४४ अंशांत प्रेशर चढतं. शेवटी त्यांनी बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवली, 'आर-१३४ए', म्हणजे पुढचा माणूस चुकणार नाही. हे कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, "सरकारी ट्रेनिंग झालं होतं, बेटा." मॉन्ट्रियल कराराच्या निधीतून देशभर असे हजारो कारागीर शिकवले गेले होते.

करारावर सह्या मंत्र्यांनी केल्या, पण तो पाळला गेला तो पाना धरणाऱ्या हातांनी. ओझोनचा थर आज हळूहळू भरून येतोय, त्यात या हातांचा वाटा आहे. आणि ज्यांना कोणी शिकवलंच नाही, त्या पहिल्या मेकॅनिकला तरी किती दोष द्यायचा? गप्प उभे राहिलेले आम्हीही होतोच की.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. म्हणून २०१६च्या किगाली दुरुस्तीने त्यालाही उतरती कळा लावली, आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. म्हणजे गॅरेजवाल्यांना पुन्हा नवं शिकावं लागणार.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं : घरचा फ्रिज किंवा गाडीचा एसी दुरुस्तीला गेला, तर आधी विचार, "चाचा, जुना गॅस कुठे जाणार?" मेहरूणचा संबंध तिथून सुरू होतो.