धावेपासून टायरपर्यंत

पिंपरी-चिंचवडचा इतिहास आपण कारखान्यांच्या सनावळीत सांगतो. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1962 साली एमआयडीसी, 1966 साली टेल्को, आणि पुढे चाकण. या हकिकतीत वाहनं बनवणारे येतात, पण त्यांच्या रिमवर टायर चढवणारे येत नाहीत. पान्या-पहारीचं काम, त्याला कसला इतिहास, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. टायर न बसणं ही चाकाची फार जुनी अडचण आहे आणि ती कामगाराच्या अडाणीपणातून आलेली नाही. ज्या घट्टपणामुळे टायर रस्त्यावर टिकतो, त्याच घट्टपणामुळे तो चढायला अवघड जातो.

या पट्ट्यात बैलगाड्या होत्या तेव्हा लोहारापुढेही हाच पेच होता. लाकडी पुठ्ठ्यांवर चढवायची लोखंडी धाव तो मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड करी. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की पाच फुटी चाकाच्या घेरात तीनएक सेंटिमीटर वाढे. ती निवण्याआधीच सांडशीनं धरून चाकावर ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळली की आरे तुंब्यात करकचून बसत. आखूडपणाचा अंदाज कमी पडला तर धाव निसटे, जास्त झाला तर चाक वाकडं होई. हवेच्या टायरशी ही तुलना ओढूनताणून केलेली वाटेल, कारण धाव आत आवळते आणि टायर हवेनं बाहेर दाबला जातो. दिशा उलटी आहे हे खरं, पण दोन्हीकडे न ताणणारी कडी तिच्याहून मोठ्या घेरावर न्यायची असते.

ही कडी म्हणजे टायरच्या काठातली पोलादी तार, कारागिरांच्या भाषेत बीड. 1890 साली इंग्लंडमध्ये वेल्चनं तारेच्या काठाचा टायर आणि मधे खोलगट असलेली रिम यांचं पेटंट घेतलं. काठाची एक बाजू त्या खोलगटात उतरवली की समोरची बाजू रिमच्या कडेवरून पार होते. मोटारीला हे पुरलं. ट्रकचा जाड टायर मात्र असा वाकत नाही, म्हणून त्याची रिमच सुट्या भागांची केली आणि वरून चिरलेली लॉक रिंग अडकवली. चढवणं सोपं झालं आणि धोका हवा भरण्याच्या वेळेवर गेला. दहा-वीसच्या मापाच्या टायरमध्ये शंभर पौंड हवा असताना त्या लॉक रिंगवर पंधरा टनांहून जास्त रेटा असतो. रिंगच्या खाचेत गंज किंवा माती असेल तर ती गोळीसारखी सुटते. अमेरिकेनं 1980 साली अशा रिमसाठी हवा भरताना चाक ठेवायचा पिंजरा आणि प्रशिक्षण सक्तीचं केलं, ते उगाच नव्हे.

खडकाळ जागेवर चालणाऱ्या यंत्रांनी हा पेच आणखी आवळला. त्यांच्या टायरच्या बाजू ताठ असतात, आणि गोदामात थप्पीखाली दाबलेल्या ट्यूबलेस टायरचे काठ एकमेकांकडे मिटलेले असतात. मग हवा भरावी तर ती फटीतून निघून जाते. टायरवाला भोवती पट्टा आवळतो, काठाला साबणाचं पाणी लावतो, व्हॉल्व्हची पिन काढून हवेचा लोंढा एकदम आत सोडतो. खरी फसगत आकड्यांत आहे. स्किड लोडरसारख्या यंत्राला साडेसोळा इंची रिम असते. तिच्यावर सोळाचा टायर चढला असं वाटतं, पण त्या रिमचा उतारच वेगळा असल्यामुळे काठ जागेवर येत नाही. "अजून थोडी हवा" म्हणत राहिलं तर तार तुटते, आणि माणूस जातो.

आता हे सगळं यंत्रं करतात, असं कुणी म्हणेल. कारखान्यात करतात, कारण तिथे रिम नवी असते आणि टायर ठरलेल्या मापाचा असतो. रस्त्याकडेच्या दुकानात येते ती गंजलेली, ठोकलेली, दोनदा वेल्डिंग केलेली रिम, आणि तिचा इतिहास हातानं चाचपूनच कळतो. निष्काळजीपणाही होतो, हे मी नाकारत नाही. पिंजऱ्याविना ट्रकचा टायर भरणारं दुकान चालूच नये. पण टायर बसला की नाही हे ओळखण्याचं ज्ञान त्याच दुकानात आहे. आधी एका बाजूचा "खट्" असा आवाज येतो, मग दुसऱ्या बाजूचा. त्यानंतर टायरच्या काठाजवळची बारीक उठावदार रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, हे टायरवाला चाक फिरवत बोटानं तपासतो.