रेषा कोण ठरवतं, आणि कोरतं कोण? धातूवरच्या कोरीवकामाचा जरा वेगळा इतिहास

स्वयंपाकघरातलं एखादं जुनं पितळी भांडं घ्या आणि त्यावरचं नाव भिंगातून बघा. लांबून जी रेषा वाटते ती बहुतेक वेळा रेषा नसतेच. टोच्यावर हातोडीचे हलके ठोके मारत उठवलेले ते ठिपके असतात, एकाला एक लागून. आहेराच्या भांड्यांवर, ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून दिलेल्या तांब्यांवर अशी नावं आपण लहानपणापासून बघत आलोय. आता हा व्यवहार कसा व्हायचा ते आठवा. गिऱ्हाईक नाव सांगायचं किंवा चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि दुकानातला माणूस ते भांड्यावर उतरवायचा. म्हणजे काय कोरायचं ते एकानं ठरवलं आणि कोरलं दुसऱ्यानं.

हा मुद्दा धरून ठेवा, कारण आजचा सगळा लेख त्यावरच उभा आहे.

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींचे विषय मी वाचते. तंत्रज्ञानाच्या इतिहासावर लिहिणाऱ्या निम्म्या जणांचं शीर्षक ‘हस्तकौशल्याकडून यंत्राकडे’ याच चालीचं असतं. आधी कारागीर होता, मग यंत्र आलं, मग कौशल्य गेलं. ऐकायला बरं वाटतं, पण यात प्रश्न कुठे आहे? उत्तर आधीच ठरलंय आणि पुरावे नंतर गोळा करायचेत. माझ्या अभ्यासात टेबलावर मावणारं, संगणकाच्या हुकमावर चालणारं एक छोटं मिलिंग यंत्र आहे, पितळेवर आणि तांब्यावर अक्षरं कोरणारं. त्याच्यामुळे ही सरळ रेषा मला मोडावी लागली.

सुरुवात मागून करू. ताम्रपट तुम्हाला माहीत आहेत. पण ताम्रपट ‘लिहिला’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळी कामं एका क्रियापदात कोंबतो. मजकूर रचणारा-लिहिणारा लेखक वेगळा असायचा आणि तांब्यावर तो खोदणारा, पुष्कळदा सोनार किंवा तांबट, वेगळा. काही ताम्रपटांच्या शेवटी लेखकाचं नाव येतं, काहींत कोरणाऱ्याचंही. कोरणाऱ्याला मजकूर वाचता येत होताच असं नाही. दिसायला सारखी दोन अक्षरं एकमेकांच्या जागी पडलेली, मात्रा राहिलेली, असं वारंवार दिसतं. वा. वि. मिराशींनी संपादित केलेला वाकाटकांच्या लेखांचा खंड (१९६३) काढा आणि नुसत्या तळटीपा वाचत जा. मूळ पाठ असा, तो असा वाचावा, अशा दुरुस्त्या पानोपानी भेटतील. आपण त्या मजकूर शुद्ध करायच्या सोयी म्हणून वाचतो. मी त्या चूक कुणाच्या हातून झाली याचा पुरावा म्हणून वाचते. व्याकरणाची चूक बहुधा लेखकाकडे बोट दाखवते, आकाराची चूक कोरणाऱ्याकडे. आणि याच वाकाटकांच्या बऱ्याच ताम्रपटांवर अक्षरांच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते, पेटिकाशीर्षक म्हणतात ती. ती पेटी धातूत प्रत्येक अक्षरावर काढायची म्हणजे किती जादा काम! ते काम ठरवणारा आणि करणारा एकच होता का, हा प्रश्न विचारून बघा.

थोडक्यात, डोकं आणि हात यांची फारकत संगणकानं केलेली नाही. ती दीड हजार वर्षं जुनी तरी आहेच.

अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्यात नाना फडणवीसांच्या पुढाकारानं तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून छापायचा उद्योग सुरू झाला आणि १८०५ मध्ये मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं तो तडीला गेला. मुद्रणाच्या इतिहासात याचा उल्लेख ‘पहिलं’ कशाचं तरी म्हणून होतो आणि तिथेच थांबतो. (‘पहिलं कोणतं’ या प्रश्नावर आपल्याकडे किती शाई सांडते!) पण छापण्यासाठी कोरायचं तर अक्षरं उलटी कोरावी लागतात, आरशात दिसतात तशी. भांड्यावर नाव घालणाऱ्या हाताला हे नवं शिक्षण आहे. अठरा अध्याय उलटे कोरणाऱ्याच्या डोळ्यांना आणि मनगटाला काय शिकावं लागलं असेल, हा माझ्या दृष्टीनं ‘पहिलं’पेक्षा मोठा प्रश्न आहे. छोट्या यंत्रावर हेच काम ‘मिरर’ या एका बटणाचं आहे.

आता अमेरिकेत जाऊ, कारण या यंत्राचं मूळ तिथे आहे, आणि ते कोरीवकामात नसून हेलिकॉप्टरमध्ये आहे.

मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याचा आकार तपासायला साचे लागत आणि साच्याची वक्ररेषा अचूक हवी. त्यानं आणि फ्रँक स्टुलेननं पंचकार्डांवर चालणाऱ्या गणनयंत्रातून वक्ररेषेवरचे शेकडो बिंदू काढले. मग मिलिंग यंत्रापाशी एक जण तक्त्यातले आकडे मोठ्यानं वाचायचा आणि दोन कामगार एकेक हँडल त्या आकड्यापर्यंत फिरवायचे. हे चित्र डोळ्यांपुढे आणा. संगणक-नियंत्रण म्हणतात ते इथे आलेलं आहे, फक्त मोटरींच्या जागी माणसं आहेत. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलानं पार्सन्सला कंत्राट दिलं, त्यानं एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेला सोबत घेतलं, आणि काही काळात प्रयोगशाळा थेट हवाई दलाशी बोलू लागली. पार्सन्स बाजूला पडला. सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीनं छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग यंत्र लोकांना दाखवलं.

इथे डेव्हिड नोबल या इतिहासकाराला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’मध्ये त्यानं दाखवलं की त्या काळात दुसरा रस्ताही उपलब्ध होता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये ‘रेकॉर्ड-प्लेबॅक’ पद्धत तयार झाली होती. कुशल कारागिरानं पहिली वस्तू हातानं बनवायची, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या, आणि पुढच्या वस्तू यंत्रानं ती फीत वाजवून बनवायच्या. यात हालचाल कारागिराकडून येते. आकड्यांच्या पद्धतीत ती कार्यालयात बसलेल्या प्रोग्रामरकडून येते. नोबलचं म्हणणं असं, की दुसरी पद्धत जिंकली ती निव्वळ श्रेष्ठ होती म्हणून नव्हे. हवाई दलाचा पैसा तिच्यामागे होता आणि कारखान्यातला ताबा कामगाराकडून काढून घ्यायचा मोह व्यवस्थापनाला होता.

माझं मत सांगते. नोबलचा युक्तिवाद पहिल्यांदा वाचताना माणूस भारावून जातो. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकते. कुठल्याही हाताला एकसलग फिरवता येणार नाहीत असे विमानाचे आकार होते, त्यांची ‘नोंद’ कुणाच्या हालचालीवरून करणार? हे कारण तो सोडत नाही, पण त्याला द्यावं तेवढं वजन देत नाही. मात्र त्यानंच नोंदवलेली दुसरी बाब फार मोलाची आहे: फिती आल्या तरी यंत्रापाशी जाणता माणूस लागतच राहिला.

का लागला, हे छोट्या यंत्रावर एका दुपारी कळतं.

२००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेच्या प्रोग्रामरनं ‘जीआरबीएल’ लिहिलं. आर्डुइनोसारख्या स्वस्त सर्किटवर चालणारं, जी-कोड वाचून मोटरी फिरवणारं, सगळ्यांना खुलं. त्यामुळे हे यंत्र घराघरांतल्या टेबलावर आलं. समजा, पितळेच्या पट्टीवर अक्षर कोरायचंय. ३० अंशांचं, ०.१ मिमी टोकाचं व्ही-आकाराचं कटर लावलंय आणि खोली ०.२ मिमी ठरवलीय. हिशेबानं रेषेची रुंदी साधारण ०.२१ मिमी येते. आता पट्टी एका कोपऱ्यात ०.१ मिमी उचललेली आणि दुसऱ्या कोपऱ्यात तेवढीच दबलेली असेल तर? एकीकडे रेषा ०.२६ मिमी, दुसरीकडे ०.१५. डोळ्यांना वाकडं दिसतं ते अक्षर नाही, पट्टी असते. म्हणून मग पट्टी चिकटवायची कशी, शून्य कुठे धरायचं, पितळ वीजवाहक असल्याचा फायदा घेऊन कटरचा स्पर्श जागोजागी मोजायचा कसा, आवाज बदलला की हात कुठे न्यायचा, हे सगळं शिकावं लागतं. फाइलमध्ये यातलं फार थोडं असतं.

गंमत बघा. अक्षर आखणारी मी, जी-कोड काढणारी मी, पट्टी बसवणारी मी. ताम्रपटात जे दोन माणसांत विभागलं होतं आणि एमआयटीच्या यंत्रानं दोन खोल्यांत विभागलं, ते इथे एका खुर्चीत आलंय. यावरून नोबल खोटा ठरला असं मात्र लिहू नका. टेबलावरचा छंद आणि पगारावरची पाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचा सिद्धांत कारखान्याबद्दल होता आणि कारखान्यातच तपासायला हवा.

हाताशी वस्तू असेल तर आधी भिंग घ्या, दहापट पुरतं. ढकलत नेलेल्या कोरणीची चर स्वच्छ असते आणि शेवटाला निमुळती होत जाते. छिन्नी-हातोडीच्या चरीत पायऱ्या दिसतात. फिरत्या कटरच्या चरीच्या तळाशी बारीक कमानींची रांग असते आणि काठावर धातूची कुसळं राहतात. रुंदी एका बाजूला वाढत गेली असेल तर पट्टी नीट बसली नव्हती, आणि हे कुठल्याच कागदावर सापडणार नाही. पन्नास वर्षांनी एखाद्या अभिलेखागारात आजची जी-कोड फाइल कुणाच्या हाती लागली तर तिला प्रत्येक बिंदूचा एक्स, वाय आणि झेड मिळेल. पट्टीखाली कागदाचा कपटा कुणी सरकवला होता, ते तिला पट्टीवरूनच काढावं लागेल.